दप्तर, डिस्क आणि माझा जुना कॉम्प्युटर

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही सोसायटीच्या पहिल्या सभासदांपैकी. शिवाय बँकेत आयुष्य गेलं, तारखा तुमच्या लक्षात असतात. इतिहासावर काहीतरी लिहा." भूमिपूजन, पहिली पाण्याची जोडणी, पहिला गणपती यांवर इतर सभासद लिहिणार आहेत असं कळलं. म्हणून मी ठरवलं, माझ्या मागच्या खोलीतल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर लिहावं. घरात येणारा प्रत्येक जण "हे अजून ठेवलंय?" असं विचारतो, तोच तो. विषय ऐकून मंडळी हसली. पण आपल्या पंचवीस वर्षांपैकी पहिल्या चार-पाच वर्षांचं दप्तर आज वाचता येतं, ते त्या खोक्यामुळे. ते कसं, हे नव्या पिढीला सांगायला हवं.

सुरुवात थोडी मागून करतो. ज्या जमिनीवर आपण राहतो ती मिठागरांची आणि भातखाचरांची. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढा दिला, १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. पुढे २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि बंदरामागून कस्टम, शिपिंग, वाहतूक आणि आम्ही बँकवाले इथे आलो.

योगायोग असा की नेमक्या त्याच काळात बँकेत कॉम्प्युटर येत होता. मी १९७० च्या दशकात कारकून म्हणून लागलो तेव्हा लेजर म्हणजे दोन हातांनी उचलायची वही. सहामाहीचं व्याज काढायला रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बसायचो आणि दोन पैशांचा फरक सापडेना म्हणून सगळी शाखा घरी जायची थांबायची. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रं आणण्याबाबत करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. आम्ही घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? मोर्चात मीही घोषणा दिल्या होत्या. नोकऱ्या जातील असं वाटायचं.

नोकरी गेली नाही, पण एक सवय लागली, ती मात्र जन्माची. रोज संध्याकाळी कामकाज संपलं की त्या दिवसाचा बॅकअप फ्लॉपीवर घ्यायचा. सोमवारची फ्लॉपी वेगळी, मंगळवारची वेगळी. एक संच तिजोरीत आणि एक शाखेबाहेर. आमचे एक मॅनेजर म्हणायचे, "एकाच ठिकाणी ठेवलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे, ती नुसती समजूत."

२००१ मध्ये आपली सोसायटी नोंदली गेली. मी पहिल्या समितीत खजिनदार होतो. हिशेब हाताने लिहायचे, इतिवृत्त आमचे पहिले सचिव सुंदर अक्षरात लिहायचे. त्याच वर्षी मी मुलाच्या कॉलेजसाठी म्हणून घरी कॉम्प्युटर घेतला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, सुटे भाग जोडून. पेंटियम थ्री, १२८ एमबी मेमरी, २० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८ आणि टेबल वाकवणारा पंधरा इंची मॉनिटर. माझे दोन महिन्यांचे पगार गेले. सौ. म्हणाली, "एवढ्यात गावच्या घराची कौलं बदलून झाली असती." मी गप्प बसलो, कारण ते खरं होतं.

मग पैसे वसूल करायचे म्हणून सोसायटीचं कामही त्यावर करू लागलो. देखभाल खर्चाची बिलं, सभासदांची यादी आणि सचिवांनी लिहिलेली इतिवृत्तं मराठीत टाइप करणं. आता मोबाइलवर बोललं तरी मराठी उमटतं. तेव्हा तसं नव्हतं. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, आतली सांकेतिक मांडणी वेगळी. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता चिखल. त्यात आमच्या मराठी सॉफ्टवेअरला कुलूप होतं, ज्याला डोंगल म्हणतात. काडेपेटीएवढा तुकडा, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी लावायचा आणि प्रिंटरची केबल त्याच्या मागे. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. सर्व यंत्रांना कळणारी एकच मांडणी, म्हणजे युनिकोड, घरोघरी पोचायला पुढे बरीच वर्षं लागली.

फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. आजच्या मोबाइलचा एक फोटोसुद्धा त्यात बसणार नाही. शिवाय इथल्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरायची. म्हणून २००२ च्या दिवाळीत मी सीडी रायटर बसवून घेतला. एका सीडीत ७०० एमबी, म्हणजे जवळजवळ पाचशे फ्लॉप्या! बँकेतली सवय होतीच. दर तीन महिन्यांनी सोसायटीच्या कागदपत्रांची एक सीडी लिहायची, तारीख घालायची आणि कपाटात ठेवायची. सीडी लिहिताना घरात कोणी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असा माझा दंडक होता, कारण मध्येच माहितीचा प्रवाह तुटला की ती सीडी बाद. मुलगा त्याला "बाबांची पूजा चालू आहे" म्हणायचा.

बातमी पसरली आणि माझ्या घराला सीडीचं दुकान झालं. बारशी, मुंजी, लग्नं, हळदीकुंकू, सत्यनारायण, सगळ्यांच्या व्हिडिओच्या प्रती मी काढून दिल्या. कोऱ्या सीडीचे पैसे तेवढे घ्यायचो. पुढे डीव्हीडी आली, ४.७ जीबीची. तिचा रायटरही घेतला. आज आपल्या सोसायटीत कित्येक घरांत माझ्या अक्षरातल्या डिस्क असतील.

मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. आपल्या जिल्ह्यात महाडकडे दरडी कोसळून माणसं गेली. त्या मानाने आपण सुदैवी. पण भरती आणि पाऊस एक झाले आणि तळमजल्यावरच्या आपल्या ऑफिसात मांडीएवढं पाणी शिरलं. लोखंडी कपाटाचे खालचे दोन खण चोवीस तास पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर आम्ही वह्या गच्चीवर वाळत घातल्या. शाईने लिहिलेलं सगळं निळं पाणी होऊन वाहून गेलं होतं. पहिल्या इतिवृत्ताच्या वहीची, नॉमिनेशन रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी झाली होती. आमचे सचिव ती वही हातात घेऊन पाण्याच्या टाकीपाशी कितीतरी वेळ बसले होते. "जाऊ दे हो, माझ्याकडे सीडी आहे," असं मी त्यांना म्हणालो. तेव्हा ते धीर द्यायला म्हटलेलं वाक्य होतं.

नंतर काळ भराभर पुढे गेला. नव्या समित्या आल्या, नवे लॅपटॉप आले, दप्तर युनिकोडमध्ये आणि मग ऑनलाइन गेलं. मी निवृत्त झालो. डिस्क लिहिण्याची गरज कोणालाच राहिली नाही. लॅपटॉपमधून डिस्कची खाच गेली, प्रिंटरचं जुनं पोर्ट तर त्याआधीच गेलं. जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत गेला. मुलाने चार वेळा तो भंगारात द्यायला काढला आणि चार वेळा मी परत आणला.

मी ठेवला, पण नुसता ठेवला नाही. महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी, तासभर चालू करतो. आपल्या खाऱ्या हवेत बंद ठेवलेलं यंत्र लवकर मरतं. मेमरीच्या पट्टीचे संपर्क काळे पडतात, ते काढून खोडरबराने हलके पुसले की बरेचदा चालू होतं. आतला नाण्याएवढा सेल संपला की कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि आपण वीस वर्षं मागे आहोत असं समजतो. या वयात मलाही सकाळी कधी तसं वाटतं, त्यामुळे मी रागवत नाही. डिस्कचा ट्रे बाहेर येईना तेव्हा आतला रबरी पट्टा कडक झाला होता, तो बदलला. २०१२ मध्ये मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले. तेव्हा खोकं गोणपाटात बांधून मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर आणि तिथून लॅमिंग्टन रोडला नेलं. परतताना ओहोटी लागली, लाँच थांबली आणि मी दोन तास कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या कोळीणमावशींनी विचारलं, "भाऊ, आत काय हाय?" मी म्हटलं, "सोसायटीचं दप्तर." त्यांना ते पटलं नसावं. आज अटल सेतूवरून पोरं अर्ध्या तासात पलीकडे जातात, तेव्हा मला ती ओहोटी आठवते.

त्या कॉम्प्युटरला इंटरनेट मात्र मी कधीच लावलं नाही. ज्या विंडोजची देखभाल बंद झाली आहे, ती जगाशी जोडणं म्हणजे कडी नसलेलं दार उघडं टाकून गावाला जाणं.

आता मुख्य गोष्ट. हे मी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या परवानगीने लिहितो आहे. २०२३ मध्ये त्यांचे यजमान गेले. फ्लॅट आणि भाग दाखला त्यांच्या एकट्यांच्या नावावर होता. वहिनी हस्तांतराचा अर्ज घेऊन आल्या. समितीने रजिस्टर पाहिलं तर २००५ च्या आधीच्या नॉमिनेशनची नोंदच नाही. वहिनींकडे एक जुनी पोचपावती होती, पण शाई पुसट, सही ओळखू येईना, ठराव क्रमांकाचे फक्त शेवटचे दोन आकडे दिसत होते. समिती चुकीची नव्हती. नोंद नसेल तर वारसाचे कागद कोर्टातून आणा, असंच नियम सांगतो. पण वहिनींचं वय सत्तरच्या पुढे, मूलबाळ नाही, गुडघे दुखतात. जिना उतरताना त्या मला म्हणाल्या, "भावोजी, पंचवीस वर्षं इथे राहिले आणि आता मी इथली आहे हे मला कोर्टात जाऊन सांगायचं का?"

रात्री झोप आली नाही. उपविधीत असं आहे की नॉमिनेशन आलं की ते समितीच्या सभेपुढे ठेवायचं आणि त्याची नोंद इतिवृत्तात करायची. म्हणजे रजिस्टर गेलं तरी इतिवृत्तात ओळ असायला हवी. वही गेली, पण मी ती टाइप केली होती. नातवाच्या लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह लावला, २००३ ची सीडी घातली. फाइल दिसली! उघडली तर सगळा चिखल. फॉन्टच नाही.

मग पहाटे मागच्या खोलीत गेलो. विंडोज ९८ कुरकुरत उठलं. डोंगल जागेवर होतं. सीडी फिरायला लागली, थांबली, पुन्हा फिरली. तो आवाज मी कधी विसरणार नाही. आणि पडद्यावर आमच्या सचिवांची भाषा उमटली. १६ फेब्रुवारी २००३ च्या सभेचं इतिवृत्त, विषय क्रमांक चार, वहिनींच्या यजमानांचं नॉमिनेशन, पत्नीच्या नावे, सभेने नोंद घेतली. ठराव क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पोचपावतीशी तंतोतंत जुळले. बँकेत दोन पैशांचा फरक सापडल्यावर जसं व्हायचं तसं झालं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन वाळली होती, ती थोडी ओली करून प्रत काढली. समितीने इतिवृत्ताची प्रत, पोचपावती, प्रतिज्ञापत्र आणि क्षतिपूर्ती बंध घेऊन दोन सभांत काम पूर्ण केलं. नॉमिनी म्हणजे आपोआप मालक नव्हे, हे बँकवाल्याला सांगायला नको. पण इथे दुसरा दावेदार नव्हता, आणि नोंद सापडल्यामुळे एका बाईची कोर्टाची पायरी टळली.

तेव्हा मला बँकेतला लॉकर आठवला. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. डिस्क ही एक किल्ली. ती वाचणारं यंत्र, त्यातलं सॉफ्टवेअर, फॉन्ट, डोंगल मिळून दुसरी. आपण पहिली जपून ठेवतो आणि दुसरी भंगारवाल्याला देतो.

याचा अर्थ सगळंच ठेवा, असा नाही. आपल्याच बंदरात ऑक्टोबर २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने चार कंटेनर पकडले. कागदावर ॲल्युमिनियमचं भंगार आणि आत सतरा हजारांवर जुने लॅपटॉप. जगाचा टाकलेला कचरा अशा चोरवाटेने इथे येतो, आणि त्यात शिसं असतं, विषारी पदार्थ असतात. म्हणून घरातलं मेलेलं यंत्र नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावं. पण देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : याच्याशिवाय न उघडणारं काही घरात आहे का?

आणखी एक गोष्ट आपल्या दारातलीच. २७ जून २०१७ रोजी जगभर एक संगणकी हल्ला झाला, त्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बंद पडली आणि तिच्या समूहाचं आपल्या बंदरातलं टर्मिनलही ठप्प झालं. बाहेर ट्रेलरच्या रांगा लागल्या होत्या, आठवतंय ना? कोणाला कोणत्या यंत्रावर काय परवानगी, ही त्या कंपनीची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे संगणक जगभर होते. ते सगळे एकमेकांशी जोडलेले, म्हणून सगळे एकदम गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो बंद होता. त्या एका संगणकावरून एवढ्या मोठ्या कंपनीची ती नोंद पुन्हा उभी राहिली. आमचे मॅनेजर म्हणायचे ते हेच.

माझी चूकही लिहिली पाहिजे, नाहीतर इतिहास अपुरा राहील. २००४ च्या गणपतीत आमच्या सचिवांनी भाषण केलं होतं. सोसायटी कशी उभी राहिली, कोणी दागिने मोडले, कोणी गावची जमीन विकली, ते सगळं त्यांनी सांगितलं होतं. त्याची सीडी माझ्याकडे होती. सचिव आता नाहीत. या स्मरणिकेसाठी ती लावायला घेतली तर एक मिनिटसुद्धा चालेना. कारण मीच त्या सीडीवर बॉलपेनने दाबून नाव लिहिलं होतं आणि वर कागदी लेबल चिकटवलं होतं. सीडीत माहितीचा थर खालच्या चकचकीत बाजूला नसतो, तो वर, नाव लिहितो त्या बाजूच्या पातळ लाखेखाली असतो. डीव्हीडीत तो मधोमध असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित. लेबल उचकटताना थरच निघाला. खालची बाजू मी वीस वर्षं फुंकून फुंकून जपली आणि वरची आपल्याच हाताने खरवडली. त्यांच्या आवाजाची दुसरी प्रत मला अजून मिळालेली नाही.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने एक विनंती. आपापल्या माळ्यावर, शोकेसच्या खणात, लग्नाच्या अल्बमच्या पाकिटात पाहा. सीडी, डीव्हीडी, फ्लॉपी जे मिळेल ते काढा. ऊन लागू देऊ नका, लेबल उचकटू नका, पुसायचं असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. दर रविवारी सकाळी दहा ते बारा माझं दार उघडं आहे. मी आणि नातू मिळून एकेका डिस्कची जशीच्या तशी प्रत उतरवून तुमच्या पेन ड्राइव्हवर देऊ. जुन्या फॉन्टमधली इतिवृत्तं फ्लॉपीवरून त्याच्या लॅपटॉपवर नेऊन युनिकोडमध्ये बदलण्याचं काम सुरू केलंच आहे, २००१ आणि २००२ पूर्ण झाली. झालेल्या कामाचे तीन संच करतोय : एक ऑफिसात, पण यंदापासून वरच्या खणात, एक माझ्याकडे आणि एक सोसायटीबाहेर, वहिनींच्या बहिणीकडे अलिबागला.

आणि हो, २००४ च्या गणपतीत मी त्या सीडीच्या सहा प्रती काढून वाटल्या होत्या. कोणाला दिल्या ते मी लिहून ठेवलं नाही, बँकवाला असूनही. तुमच्या घरी माझ्या अक्षरातली, "गणेशोत्सव २००४" असं लिहिलेली सीडी असेल, तर कृपा करून तिच्यावर काही करू नका. तशीच घेऊन या. जुना कॉम्प्युटर चालू करून ठेवतो.